तीस मीटरवर थांबलेली गाडी: ड्रॅगनच्या पहिल्या स्थानक-भेटीचा प्रकरण अभ्यास

शनिवार, १९ मे २०१२. आपल्याकडे दुपारचे दोन पंचवीस, फ्लोरिडात पहाटेचे चार पंचावन्न. केप कॅनव्हेरलच्या ४० क्रमांकाच्या लॉन्च पॅडवर स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ रॉकेट उभं होतं आणि त्याच्या टोकावर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालेलं ड्रॅगन नावाचं मालवाहू यान. मोजणी शून्यावर आली, नऊ इंजिनं पेटली, बुडाशी लख्ख उजेड फुटला. नासाच्या निवेदकाच्या तोंडून सवयीने ‘लिफ्टऑफ’ निघूनही गेलं. पण रॉकेट जागचं हललं नाही. उजेड विझला, धूर तेवढा राहिला आणि निवेदकाला आपलंच वाक्य मागे घ्यावं लागलं.

उड्डाणाला अर्धा सेकंद उरला असताना संगणकाने इंजिनं बंद केली होती. मधल्या, म्हणजे पाच नंबरच्या इंजिनाच्या ज्वलनकक्षातला दाब मर्यादेच्या वर चालला होता.

मी भोसरीत व्हेंडर डेव्हलपमेंटचं काम करते. नवा पुरवठादार शोधायचा, त्याचं वर्कशॉप बघून यायचं, सॅम्पल मागवायचं, ते पास झालं की ट्रायल लॉट आणि तो लाइनवर नीट चालला की मग रेग्युलर ऑर्डर. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, म्हणून त्या शनिवारी डबा खाऊन झाल्यावर ऑफिसच्या संगणकावरच हे बघत होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वळवून विचारलं, ‘‘गेलं का?’’ म्हटलं, ‘‘नाही, फायनल इन्स्पेक्शनला पकडलं.’’ तो हसला. मला मात्र तेव्हापासून हे सगळं प्रकरण माझ्या धंद्यातलंच वाटत आलंय. नवीन लागलेल्या मुलांना व्हेंडर अप्रूव्हल शिकवायचं असेल तर मी नटबोल्टची उदाहरणं देत नाही, हे सांगते.

गिऱ्हाइकाची अडचण

पुरवठादाराची गोष्ट सगळे सांगतात. इलॉन मस्क, २००२ साली काढलेली स्पेसएक्स कंपनी, पहिली तीन रॉकेटं वाया गेली, चौथं गेलं वगैरे. गिऱ्हाईक, म्हणजे नासा, कोणत्या पेचात होतं, ते त्या मानाने कमी सांगितलं जातं.

२१ जुलै २०११ रोजी अटलांटिस हे स्पेस शटल शेवटचं उतरलं. तीस वर्षांत शटलच्या १३५ मोहिमा झाल्या होत्या. अंतराळ स्थानक बांधलं गेलं ते मुख्यतः शटलच्या जिवावर, आणि मोठा ट्रक म्हणावा तर तोच. तो बंद झाल्यावर माल पोचवायला उरली रशियाची प्रोग्रेस यानं, युरोपचं एटीव्ही आणि जपानचं एचटीव्ही. वर न्यायला ही चालत होती. परत आणायला मात्र यातलं एकही नाही, कारण ही तिन्ही यानं परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जायची. जाताना त्यांच्यात स्थानकावरचा कचरा भरून द्यायचे, तेवढाच काय तो उपयोग. खाली येणारं एकच वाहन उरलं होतं, सोयूझ. आणि त्यात तीन माणसं दाटीवाटीने बसली की हातात धरण्याएवढंच सामान मावतं.

स्थानक ही प्रयोगशाळा आहे. प्रयोग झाल्यावर नमुना खालच्या प्रयोगशाळेत पोचला नाही तर त्या प्रयोगाचं करायचं काय? आपल्याकडे मशीन शॉपला जॉब लावला आणि तयार माल आणायला टेम्पोच नाही, तशी गत.

भरीला, शटल थांबून महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच, २४ ऑगस्ट २०११ रोजी एक प्रोग्रेस यान वर जाताना पडलं. रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातलं इंजिन बंद झालं आणि सगळा माल सायबेरियात कोसळला. एका पुरवठादारावर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न तोपर्यंत कागदावरचा होता, त्या दिवशी तो खरा झाला.

नासाने याची तयारी मात्र फार आधी, २००६ मध्येच सुरू केली होती. पद्धत त्यांच्यासाठी नवी होती. एरवी सरकारी यान बनवायचं म्हणजे कंत्राटदार खर्च करणार, नासा तो भरणार आणि वर नफा देणार. इथे रक्कम आधी ठरलेली, टप्पे आधी ठरलेले, टप्पा पार पडला तरच पैसे. उरलेलं भांडवल कंपनीने स्वतः उभं करायचं. ऑगस्ट २००६ मध्ये दोन कंपन्या निवडल्या: स्पेसएक्स, २७.८ कोटी डॉलर. आणि रॉकेटप्लेन किस्लर, २०.७ कोटी डॉलर. किस्लरला बाहेरून भांडवल उभं करता आलं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये नासाने करार मोडला. तोवर त्यांना जेमतेम ३.२ कोटी डॉलर दिले गेले होते, कारण तेवढेच टप्पे झाले होते. उरलेल्या पैशांतून पुढच्या फेब्रुवारीत ऑर्बिटल सायन्सेस या कंपनीला घेतलं. एक व्हेंडर बुडाला तरी गिऱ्हाइकाची रात्रीची झोप उडाली नाही, हे मला या योजनेतलं सगळ्यात शहाणपणाचं कलम वाटतं.

एका ठिकाणी मात्र नासाने जे केलं ते मी माझ्या कंपनीत केलं असतं तर ऑडिटरने मला दारात उभं केलं नसतं. २३ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी रेग्युलर ऑर्डर देऊन टाकली. स्पेसएक्सला १२ खेपांचे १६० कोटी डॉलर, ऑर्बिटलला ८ खेपांचे १९० कोटी. त्या दिवशी फाल्कन ९ एकदाही उडालेलं नव्हतं! ते पहिल्यांदा उडालं जून २०१० मध्ये. स्पेसएक्सच्या खात्यावर तेव्हा फाल्कन १ या लहान रॉकेटचं एकच यशस्वी उड्डाण होतं, तेही तीन महिन्यांपूर्वीचं. ट्रायल लॉट तर सोडाच, सॅम्पलही हातात नसताना दिलेली ही ऑर्डर. शटल बंद होण्याची तारीख डोक्यावर होती हे खरं, तरीही.

त्यामुळे शंका घेणारे काही ऐरेगैरे नव्हते. खुद्द नील आर्मस्ट्राँग आणि यूजीन सर्नन, म्हणजे चंद्रावर उतरलेला पहिला माणूस आणि तिथून शेवटी निघालेला माणूस, यांनी २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे बसून खासगी कंपन्यांवर भिस्त टाकण्याबद्दल नापसंती नोंदवली होती.

दोन फेऱ्यांची एक फेरी

ठरलं होतं असं की तीन चाचणी उड्डाणं होतील. पहिलं ८ डिसेंबर २०१० रोजी झालं. ड्रॅगनने पृथ्वीला दोन फेऱ्या मारल्या आणि ते प्रशांत महासागरात अलगद उतरलं. आत गुपचूप एक चीजचा गोल चक्का ठेवला होता, हे कंपनीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या उड्डाणात स्थानकाच्या काही किलोमीटरपर्यंत जाऊन परत यायचं, तिसऱ्यात जोडायचं.

स्पेसएक्सने म्हटलं, दुसरं आणि तिसरं एकत्र करू. खर्च वाचेल, वर्ष वाचेल. ९ डिसेंबर २०११ रोजी नासाने होकार जाहीर केला आणि तारीख दिली ७ फेब्रुवारी २०१२.

‘ट्रायल लॉट आणि पहिली रेग्युलर खेप एकाच गाडीत पाठवतो’ असं कुणी मला म्हटलं तर मी नाही म्हणेन. इथे मी हो म्हटलं असतं, कारण नासाने उड्डाणं एकत्र केली तरी चाचण्या एकत्र केल्या नाहीत. दुसऱ्या उड्डाणाची यादी पहिले तीन दिवस, तिसऱ्याची यादी त्यानंतर. आणि पहिल्या यादीतली एक ओळ जरी राहिली तरी यान मागे वळून घरी. गाडी एक असली तरी नाके सगळे जागेवर होते.

मग सुरू झालं ते वाट बघणं. ७ फेब्रुवारीचा मार्च झाला, मार्चचा ३० एप्रिल, ३० एप्रिलचा ७ मे, ७ मेचा १९ मे. वर्तमानपत्रांनी दर वेळी ‘पुन्हा लांबणीवर’ छापलं आणि लोकांचा सूर हळूहळू ‘यांचं काही होत नाही’ असा लागला.

कारण बहुतेक वेळा एकच होतं: सॉफ्टवेअर. रॉकेट उडवणं ही स्पेसएक्सची रोजची लढाई होती, पण माणसं राहत असलेल्या घराजवळ जाणं त्यांनी कधी केलं नव्हतं. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतं. यानाला त्याच वेगाने त्याच्याजवळ जायचं, आणि जवळ गेल्यावर दोघांमधला वेग सेकंदाला काही सेंटिमीटर राहायला हवा. हे सगळं यानाच्या संगणकाने स्वतःचं स्वतः करायचं. नासाची अट अशी की एक बिघाड झाला तरी काम चालू राहावं आणि दोन झाले तरी स्थानकाला धक्का लागू नये. म्हणून प्रत्येक ‘समजा असं झालं तर’ एकदा कागदावर आणि एकदा खऱ्या यंत्रसामग्रीवर चालवून बघायचा. थ्रस्टर, म्हणजे यानाला ढकलणारं छोटं इंजिन, अडकला तर, जीपीएसची आकडेवारी तुटली तर, संगणक नव्याने सुरू झाला तर, अंतर मोजणारी दोन उपकरणं दोन वेगळे आकडे सांगू लागली तर. या शेवटच्या ‘तर’कडे आपण परत येणार आहोत.

कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत गाडी गेटबाहेर उभी ठेवल्याबद्दल मी स्वतः कितीदा शिव्या खाल्ल्यात, याचा हिशेब नाही. त्यामुळे हे चार महिने वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही.

अर्धा सेकंद

१९ मेला परत येऊ. फाल्कन ९ची इंजिनं पेटली तरी रॉकेटला लगेच सोडत नाहीत. पॅडवरच्या पकडी ते धरून ठेवतात, तेवढ्यात संगणक नऊही इंजिनांचे आकडे तपासतो, सगळे पास झाले तरच पकडी सुटतात. त्या दिवशी पाचवं इंजिन नापास झालं. तंत्रज्ञांनी त्याच दिवशी आत शिरून पाहिलं तेव्हा एक चेक व्हॉल्व्ह बिघडलेला सापडला. एकाच दिशेने वायू जाऊ देणारी ही साधी झडप. ती बदलली.

कंपनीच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल यांनी पत्रकारांना सांगितलं त्याचा आशय असा, की हे अपयश नाही, असं इंजिन घेऊन वर गेलो असतो तर ते अपयश ठरलं असतं. बोलायला सोपं वाटतं. पण जगभरचे कॅमेरे लागलेले असताना मशीनला ‘नाही’ म्हणायचा अधिकार आधीच देऊन ठेवलेला असणं, आणि कुणीही तो मोडून पुढे न जाणं, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला विचारा किती अवघड असतं ते. महिनाअखेर असते, डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो, आणि गेज नाही म्हणत असतो.

झडप बदलली तरी दुसऱ्या दिवशी उडता येत नव्हतं. स्थानकाची कक्षा लॉन्च पॅडच्या वरून जाते तो क्षण साधायचा असतो आणि या उड्डाणाला वाव होता फक्त त्या एका क्षणाचा. पुढे-मागे झालं तर वाट वाकवायला जास्त इंधन जातं, आणि इंधन तर चाचण्यांसाठी राखून ठेवायचं होतं. पुढची संधी २२ मेची होती. हा क्षण रोज थोडा अलीकडे सरकतो. १९ तारखेला पहाटेचे चार पंचावन्न होते, २२ तारखेला तीन चव्वेचाळीस. तीन दिवसांत एकाहत्तर मिनिटं. चंद्र रोज उशिरा उगवतो हे आपल्याला चतुर्थीमुळे चांगलं ठाऊक असतं. इथे उलटं, रोज लवकर.

मंगळवारी, २२ मे रोजी, आपल्या वेळेनुसार दुपारी एक वाजून चौदा मिनिटांनी ते गेलं. या वेळी ऑफिसात तीन जण माझ्या खुर्चीमागे उभे होते. दहाएक मिनिटांत ड्रॅगन कक्षेत सुटं झालं आणि थोड्या वेळाने त्याचे सौर पंख उघडले. पहिल्या उड्डाणात ते नव्हते, तेव्हा बॅटरीवरच भागवलं होतं. म्हणून पंख उघडताना कंपनीच्या लोकांनी मोठा आरडाओरडा केला. रॉकेटच्या वरच्या टप्प्यावर आणखीही एक सामान होतं, ज्याची फार चर्चा झाली नाही: तीनशेहून अधिक मृत व्यक्तींची चिमूट-चिमूट रक्षा, त्यात मर्क्युरी मोहिमेतले अंतराळवीर गॉर्डन कूपर यांचीही. अस्थी गंगेत सोडणाऱ्या आपल्या माणसांना यात फारसं नवल वाटू नये.

मीटर-मीटर

२४ मे, गुरुवार. सुट्टी होती म्हणून घरी होते. ड्रॅगन स्थानकाच्या अडीच किलोमीटर खालून गेलं. खालून जाण्यात कामं तीन होती: जीपीएसवरून एकमेकांमधलं अंतर नीट कळतंय का, दोघांचा थेट रेडिओ लागतोय का, आणि स्थानकातल्या माणसांनी बटण दाबलं तर यान ऐकतं का. स्थानकातून डॉन पेटिट आणि आंद्रे कायपर्स या अंतराळवीरांनी हुकूम दिला आणि ड्रॅगनवरचा दिवा लागला. एवढंच. रात्री गल्लीच्या तोंडाशी आलेल्या टेम्पोला आपण म्हणतो ना, ‘जरा लाइट मार’, तसं.

दुसऱ्या दिवशीच्या परवानगीचा निर्णय या दिव्यावर आणि बाकीच्या दोन कामांवर झाला.

शुक्रवार, २५ मे. आता दोनशे मीटरचं वर्तुळ ओलांडायचं होतं. स्थानकाभोवती दोनशे मीटर त्रिज्येचा एक गोल कल्पिलेला असतो आणि त्यात परवानगीशिवाय कुणी शिरायचं नाही. ड्रॅगन खालून वर येत होतं. हा ‘खालून’ महत्त्वाचा. खालच्या कक्षेतली वस्तू वरच्यापेक्षा जोरात फिरते. यानाचे थ्रस्टर ऐन वेळी गप्प झाले तर पृथ्वीची ओढ त्याला खाली खेचते आणि ते स्थानकाच्या पुढे निघून दूर जातं. म्हणजे काहीच केलं नाही तरी ते आपोआप लांब जाणार. मला या मांडणीचं फार कौतुक वाटतं: दार असं लावलंय की स्प्रिंग तुटली तरी ते बंदच होईल.

अडीचशे मीटरवर थांबा झाला. ह्यूस्टनमध्ये नासाच्या फ्लाइट डायरेक्टर हॉली रायडिंग्ज, कॅलिफोर्नियात हॉथॉर्नला स्पेसएक्सचे मिशन डायरेक्टर जॉन कुलुरिस. दोन कंट्रोल रूम, दोघांचाही होकार आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. इथेच स्थानकातल्या माणसांनी ‘थांब’ आणि ‘मागे जा’ हे हुकूम देऊन पाहिले. यान थांबलं, मागे गेलं. मग पुन्हा पुढे.

आणि तीस मीटरच्या सुमारास गडबड झाली.

शेवटच्या टप्प्यात जीपीएसवर विसंबत नाहीत. ड्रॅगनवर लिडार होतं, म्हणजे लेझरचे झोत सोडून ते परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर सांगणारं उपकरण. आणि जोडीला उष्णता टिपणारे कॅमेरे. लिडारने स्थानकावरचे ठरलेले परावर्तक बघायला हवे होते. त्याला मात्र भलत्याच ठिकाणाहून, जपानच्या ‘किबो’ कक्षावरून परतलेले झोत दिसू लागले. आरशासमोर टॉर्च मारल्यावर भिंतीवर दोन कवडसे पडावेत आणि खरा कुठला ते कळू नये, तसं. स्पेसएक्सने यानाला सत्तर मीटरपर्यंत मागे घेतलं.

मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. जमिनीवरून हुकूम पाठवून लिडारची नजर अरुंद केली, जेणेकरून कडेचे कवडसे दिसणारच नाहीत. घोड्याला झापडं लावतात तसं. आणि यान पुन्हा पुढे निघालं.

वर्गात मी इथे थांबते आणि मुलांना विचारते: व्हेंडर गेटवर आलाय, त्याच्या मोजमापात घोळ निघालाय, आणि तो म्हणतो ‘दोन मिनिटं थांबा, गेजचं सेटिंग बदलतो’. आत घ्याल का? अर्धा वर्ग नाही म्हणतो, आणि ते बरोबर आहेत. आमच्याकडे एकदा असं झालं होतं, आम्ही आत घेतलं आणि आठ दिवस लाइनवर बसून सॉर्टिंग करत बसलो.

तरी त्या शुक्रवारी नासाने घेतलं आणि माझ्या मते ते बरोबर होतं. कारण मागे कसं जायचं हे त्या यानाने तेव्हा कागदावर नाही, अडीचशे मीटरवर प्रत्यक्ष करून दाखवलं होतं. आणि आता तीसवरून सत्तरवर पुन्हा, या वेळी खऱ्या गरजेने. हुकूम ऐकतं हे आदल्या दिवशीच्या दिव्याने सांगितलं होतं. सगळंच बिघडलं असतं तरी निसर्गनियमाने ते खालीच गेलं असतं. फेब्रुवारी ते मेच्या वाट बघण्यात नासाने नेमकं काय विकत घेतलं, ते या सत्तर मीटरवर दिसतं: ऐन वेळी एक चूक निघाली तरी ती दुरुस्त करायला पुरेल एवढी जागा आणि एवढा धीर. दोन उड्डाणं एकत्र करताना पायऱ्या गाळल्या असत्या तर इथे ‘नाही’ म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

तरीही एक टोचणी राहते. स्थानकावर परावर्तित होणारे पृष्ठभाग कुठे आहेत हे नवं नव्हतं, किबो कक्ष तिथे २००८पासून होता. हा ‘तर’ आधीच्या यादीत जितक्या जोराने तपासायला हवा होता तितका तपासला गेला नाही, असंच म्हणावं लागेल.

ड्रॅगन शेवटी दहा मीटरवर येऊन थांबलं. स्वतःहून जोडून घ्यायची त्याला मुभा नव्हती. रशियन आणि युरोपीय यानं तेव्हा स्वतः येऊन धडकून जोडायची, त्याला डॉकिंग म्हणतात. ड्रॅगनने नुसतं शेजारी उभं राहायचं. स्थानकाच्या साडेसतरा मीटर लांब यांत्रिक हाताने त्याला धरायचं आणि आणून बसवायचं, हे बर्थिंग. जपानच्या एचटीव्हीबरोबर हे दोनदा करून झालेलं होतं, त्यामुळे हात चालवणाऱ्यांना सराव होता. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की त्या बाजूचं दार सव्वा मीटर चौकोनी असतं, रशियन बाजूच्या ऐंशी सेंटिमीटरच्या गोल वाटेतून न जाणारं सामानही इथून जातं.

मी ऑफिसातून निघाले तेव्हा यान अजून धरलं गेलं नव्हतं. कंपनीची बस नाशिक फाट्याला अडकली होती आणि मोबाइलवर चित्र काही हलत नव्हतं. सव्वासात वाजून गेल्यावर सहकाऱ्याचा एसएमएस आला. एकच शब्द: ‘धरलं.’

आपल्या वेळेनुसार सात वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. उड्डाणाला तीन दिवस, सहा तास, अकरा मिनिटं. स्थानक ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागावरून जात होतं. हात चालवत होते पेटिट. ह्यूस्टनला त्यांनी कळवलं की ड्रॅगनची शेपटी आमच्या हातात आलीये असं दिसतंय. रात्री साडेनऊच्या सुमारास कायपर्स यांनी ते ‘हार्मनी’ कक्षाच्या खालच्या दाराला बसवलं आणि सोळा बोल्ट आवळले गेले.

अनलोडिंग

दुसऱ्या दिवशी, आपल्या दुपारी तीन तेवीसला, दार उघडलं. पेटिट आत शिरले ते डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क लावून. भीतीचं कारण साधं होतं: वर्कशॉपमध्ये कुठल्या कोपऱ्यात राहिलेला धातूचा कीस किंवा धूळ वजनरहित अवस्थेत खाली बसत नाही, डोळ्यांसमोर तरंगते. तसं काही निघालं नाही. आतला वास नव्या कोऱ्या गाडीसारखा आहे, असं त्यांनी सांगितलं. शोरूममधून गाडी घरी आणलेल्या कुणालाही तो वास सांगायला नको.

माल किती? ४६० किलो. त्यातलं ३०६ किलो जेवणखाण आणि रोजच्या वापराचं सामान, २१ किलो प्रयोगांचं साहित्य, त्यात विद्यार्थ्यांचे पंधरा छोटे प्रयोग. एक लॅपटॉपचा संच, बाकी माल भरायच्या रिकाम्या पिशव्या. ज्यावाचून अडेल असं एकही नाही. ट्रायल लॉटमध्ये असंच देतात. खेप गेली तर हळहळ वाटावी, लाइन थांबू नये. टीका करणाऱ्यांनी ‘एवढ्या खर्चात एवढासाच माल’ असं म्हटलं, पण ही खेप मालासाठी नव्हतीच. नासाने स्पेसएक्सला, सुरुवातीच्या रकमेत नंतर पडलेली भर धरून, चाळीस टप्प्यांचे मिळून ३९.६ कोटी डॉलर दिले, ते यान, रॉकेट आणि सगळी तयारी यासाठी.

३१ मे रोजी हाताने ड्रॅगनला सोडलं आणि त्याच दिवशी, आपल्या रात्री नऊ बाराला, ते तीन पॅराशूटखाली प्रशांत महासागरात उतरलं, बाहा कॅलिफोर्नियाच्या पश्चिमेला सुमारे नऊशे किलोमीटरवर. आत सुमारे ६२० किलो सामान होतं, म्हणजे नेलं त्याहून जास्त आणलं. ५ जूनला जहाजावरून ते लॉस एंजेलिसच्या बंदरात आलं. बुडाकडून काळपटलेलं, बाजूने भाजलेल्या वांग्यासारखं झालेलं ते यान बघून आमच्याकडच्या एका जुन्या फोरमनने एकच विचारलं: ‘‘पुन्हा वापरणार का?’’

पैसे लागलेली पहिली खरी खेप निघाली ७ ऑक्टोबर २०१२ रोजी. वर जाताना एक इंजिन बंद पडलं; उरलेल्या आठांनी जास्त वेळ जळून ड्रॅगनला ठरल्या जागी पोचवलं, पण सोबत नेलेला एक छोटा उपग्रह मात्र वाया गेला. १० तारखेला यान स्थानकावर धरलं गेलं तेव्हा तिथल्या कमांडर सुनीता विल्यम्स होत्या, म्हणून आपल्या पेपरांनीही बातमी घेतली. माझ्या खुर्चीमागे त्या दिवशी कुणी उभं नव्हतं. मीसुद्धा दुसऱ्या दिवशी वाचलं.

त्या खेपेत एक शीतपेटी पाठवली होती. ती खरी हवी होती परतीसाठी. जाताना रिकामीच जायची, म्हणून कुणीतरी तिच्यात चॉकलेटच्या रेघांच्या व्हॅनिला आइस्क्रीमचे कप भरून दिले. २८ ऑक्टोबरला यान खाली आलं तेव्हा गोठवून आणलेले अंतराळवीरांच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने त्याच्यात होते.